चांगली दाढ

दुष्काळाच्या साली मी माझी चांगली दाढ उपटून घेतली आणि किडलेली तोंडात ठेवली.

कुणी फसवलं नाही, कुणी बळजबरी केली नाही. बोट मी ठेवलं, 'हीच' असं मी म्हणालो, आणि उपटणारा 'नीट बघा बरं' म्हणाला तेव्हा त्याच्यावर डाफरलोही मीच. शिवाय त्या वेळी मी गावच्या सोसायटीचा चेअरमन होतो. म्हणजे 'याला कळतं' असं समजून लोकांनी निवडून दिलेला माणूस. लोकांची चूक माझ्या चुकीच्या आधीची आहे, एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येईल.

आमचं गाव पाटोद्याच्या अंगाला, डोंगरात. इथं पडलेलं पाणी थांबत नाही आणि माणूसही फार थांबत नाही; दिवाळी झाली की अर्धं गाव गाड्या जुंपून ऊसतोडीला निघतं. त्या साली पाऊस असा रुसला की कडब्याच्या गंजी हिवाळ्यातच संपल्या आणि विहिरीत डोकावलं की तळाचे दगड डोकावणाऱ्याकडं बघायचे. सोसायटीनं गायरानात जनावरांची छावणी काढली. मांडव, दावणी, पाण्याचा हौद आणि एक लाऊडस्पीकर. लाऊडस्पीकर ही माझी सूचना. जनावरांना त्याचा काय उपयोग, असं एका संचालकानं विचारलं होतं. मी त्याला सहकाराचं महत्त्व समजावून सांगितलं, आणि तो थकून हो म्हणाला.

चाऱ्याला ऊस यायचा, तेलगावकडून ट्रकनं. जो ऊस तोडायला आमची माणसं मुलुखभर हिंडतात तो आयता दारात आला आणि जनावरांनी खाल्ला. जनावरांनी आणि मी.

मी दिवसभर छावणीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं आणि बोलता बोलता उसाचं कांडं दातानं सोलून करकरा फोडायचं. समोर बैल रवंथ करायचे, इकडं मी. मधूनमधून चहा. कारखान्याची सभासदाची साखर घरात पोत्यानं पडलेली, त्यामुळे चहात पाणी मोजून, पण साखर मूठ सैल सोडून. साखर होती, पाणी नव्हतं: त्या सालाचं वर्णन मी एवढ्यात करीन.

टँकरचं पाणी आधी जनावराला, मग माणसाला, आणि माणसातही आधी पोटाला. तोंड धुणं ही चैन झाली होती. दातवणाला कडुनिंबाच्या काड्या तोडाव्यात, तर खालच्या फांद्या शेळ्यांनी ओरबाडून नेलेल्या. जेवण झाल्यावर कुणी खळखळून चूळ भरली, तर त्यानं तूप सांडल्यासारखं शेजारचे बघायचे. मी चेअरमन, आदर्श घालून देणं माझं काम, म्हणून मी चूळ भरणंच सोडलं. तोंड फार गोड झालं की वर तंबाखूची चिमूट लावायची, की तोंड साफ.

डावीकडं खालच्या शेवटच्या दाढेत एक खड्डा होता. किती वर्षांचा, देवाला ठाऊक. तंबाखूचा बार बरोबर तिथं बसायचा, घरच्या खुंटीवर टोपी बसावी तसा. पुढं डॉक्टर लोक 'दाढ भरतात' म्हणजे काय करतात हे पाहिलं, तेव्हा मनात आलं की हे काम आपण घरच्या घरी करतच होतो, फक्त माल वेगळा होता.

एक दिवस उसाच्या पेरानं त्या खड्ड्याची कड मोडली. आधी थंड लागलं की झिणझिणायचं. मग गोड लागलं की. मग काही न लागताच. मग असा ठणका सुरू झाला की लाऊडस्पीकरवर गाणं लागलं तरी मला त्यातला ताल तेवढा दाढेत ऐकू यायचा.

माझ्या खुर्चीसमोरच्या दावणीला आत्याची खिलारी जोडी बांधलेली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, जिभेला धार असलेली, आणि मला शेंबडा असल्यापासून ओळखणारी. म्हणजे चेअरमन म्हणून न ओळखणारी. ती जोडी होती म्हणून तिचा मुलगा स्वतःची गाडी घेऊन कारखान्यावर जायचा. जोडी विकावी लागली असती, तर त्याला दुसऱ्याच्या टोळीत नुसता कोयता घेऊन जावं लागलं असतं. त्यामुळे छावणी चालते की बंद पडते, यावर आत्याच्या घरची दिवाळीनंतरची सगळी भिस्त होती. बैलांच्या पुढ्यातली उसाची चिपाडं आवरता आवरता ती माझ्याकडं बघत असायची.

"कावून रं, थोबाड धरून बसलायस?"

"दाढ, आत्या."

"कीड हाय. धुरी घे."

तिनंच भुईरिंगणीच्या बिया आणल्या. तापलेल्या तव्यावर बिया आणि थेंबभर तूप, वर पालथं मडकं, मडक्याच्या भोकातून नळी, आणि नळी माझ्या तोंडात. धूर असा की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दुष्काळात गावात एवढं पाणी दुसरीकडं कुठंच नव्हतं. मग ताटलीतल्या पाण्यात थुंकलो, तर पांढऱ्या बारीक अळ्या तरंगायला लागल्या. आत्यानं ती ताटली छावणीभर फिरवली. "बघा, चेरमनच्या तोंडात काय काय हाय." मीही कौतुकानं बघितलं. त्या अळ्या नव्हत्या, तव्यावर फुटून धुराबरोबर नळीतून आलेले बियांतले कोंब होते, हे पुढं कळलं. पण त्या दिवशी ठणका खरोखर थोडा उतरला. बहुधा डोळ्यांची आग जास्त होती म्हणून.

नंतर लवंग झाली, हिंग झाला. कुणीतरी म्हणालं, डोकेदुखीची गोळी दाढेपाशी धरून ठेव. ती गोळी गिळायची असते, धरायची नसते. मी धरली. हिरडी भाजून पांढरी पडली आणि दोन दुखणी झाली.

आणि मग ते दुखणं एका जागी राहीना. कानात गेलं, कानशिलात गेलं, वरच्या जबड्यात चढलं. दुखतंय नक्की कुठं, हेच समजेना. आमच्याकडं पाणी बघणारे तळहातावर नारळ घेऊन शेतभर हिंडतात; नारळ उभा राहिला की 'इथं' म्हणतात, आणि तिथं बोअर पाडला की नुसता फुफाटा उडतो. तशी मी जीभ तोंडभर हिंडवली. जीभ वरच्या शेवटच्या दाढेशी जाऊन थांबली. मी म्हणालो, इथं.

पाटोद्याच्या बाजारात तेव्हा एक दात काढणारा बसायचा. लाल कापडावर मांडलेले दात, एक आरसा, एक पक्कड. मी समोर बसकण मारली.

"कंची?"

"ही. वरची."

त्यानं पकडीच्या मुठीनं वरच्या दाढेवर टकटक केलं. "लई पक्की हाय, सायेब. खुंटा रवल्यावानी. नीट बघा बरं."

"दाढ कुनाची बे? तुजी का माजी?"

"तुमचीच," तो म्हणाला आणि कामाला लागला.

ती सहजासहजी येईना. यायचं काही कारणच नव्हतं तिला. आली तेव्हा तिची मुळं लांब, पांढरी आणि कोवळ्या मुळ्यासारखी निरोगी होती. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "कीड कुटं हाय हिच्यात?"

"आत आसंल," मी रक्त थुंकत म्हणालो. चेअरमनकी अंगात भिनली की माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येतं.

आता गंमत ऐका. त्यानंतर एक-दोन दिवसांत माझं दुखणं थांबलं. साफ थांबलं. गार पाणी प्यालो, काही नाही. ऊस फोडला, काही नाही. मी छावणीत ती दाढ रुमालात बांधून हिंडलो आणि भेटेल त्याला दाखवली. "दुखनं मुळासकट काढलं की आसं आसतंय," असं म्हणायचो. 'मुळासकट' या शब्दावर जोर. एका संचालकाला तर मी सोसायटीच्या थकीत कामांनाही हाच उपाय लागू पडतो, असं सांगितलं. आत्या तेवढी म्हणाली, "पर खालच्या दाडंत भोक दिसतंय की मला, बोलतोस तवा."

"ते जुनं हाय," मी म्हणालो. "त्याचा काय तरास न्हाई."

खरंच त्रास नव्हता. आणि नेमकं तिथंच सगळं होतं. दाढेच्या पोटात शीर असते. खड्डा पोचेपर्यंत ती कुरकुरते, पोचल्यावर बोंबलते, आणि शेवटी मरते. माझी शीर नेमकी त्याच आठवड्यात मेली होती. ओरडणारंच मेलं की ओरडा थांबतो. मी मात्र त्याला बरं होणं म्हणत होतो.

पुढं या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला, कारण त्याच दिवसांत तसंच दुसरं काहीतरी मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या वरच्या वस्तीतली माणसं टँकरसाठी रोज येऊन माझ्या खुर्चीपुढं भांडायची. आवाज असा की बैल दचकायचे. मी तालुक्याला सांगतो, बघतो, करतो, असं म्हणून त्यांना परत पाठवायचो. मग एका आठवड्यात कुणी आलं नाही. मला वाटलं, टँकर वेळेवर जायला लागला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली. काही कामानं वर गेलो, तर दारादारांना कुलपं. रांजण उपडे घातलेले. माणसं पुण्याकडं निघून गेली होती. त्या रिकाम्या वस्तीत उभा राहून मी जिभेनं खालच्या दाढेतला खड्डा चाचपत होतो, आणि तरीही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. माणूस मठ्ठ असला की त्याला उपमा समोर येऊन उभी राहिली तरी दिसत नाही.

मृगात चार सरी आल्या. ढेकळं भिजली, माती वासाला आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. पण तालुक्याच्या लेखी पाऊस झाला होता. छावण्या आता बंद कराव्यात असं बोलणं सुरू झालं, आणि आमची बंद करायची की ठेवायची हे ठरवायला एक साहेब गावाला येणार असा निरोप आला. ज्यानं शेती केलीय त्याला ठाऊक आहे: पाऊस पडला म्हणजे चारा आला असं नसतं. गवत उगवून बैलाच्या तोंडाला लागेपर्यंत महिना तरी जातो, आणि तोही पाऊस टिकला तर. मधल्या काळात जनावर उपाशी मरत नाही. त्याच्या आधीच बाजारात जातं. व्यापारी छावणीच्या आसपास चकरा मारायला लागले होते. आत्याच्या जोडीपुढं एकजण बराच वेळ उभा राहून गेला.  आत्या नुसती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

साहेबांपुढं गावाच्या वतीनं मी बोलायचं ठरलं. म्हणजे ते ठरलेलंच असतं. मात्र गावाला थोडी धास्ती होती, आणि ती रास्त होती. आदल्या खेपेला असेच एक साहेब आले होते. आम्हाला दुसरा टँकर हवा होता. मी भाषण सुरू केलं ते सहकार चळवळीच्या आरंभापासून. मग आमच्या सोसायटीची स्थापना, मग माझे वडील, मग त्यागाचं महत्त्व. मी टँकरच्या अलीकडं दोन मुद्द्यांवर होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते गाडीत बसून निघून गेले. टँकर शब्द माझ्या तोंडातच राहिला.

म्हणून या वेळी आत्या मुद्दाम येऊन म्हणाली, "लेका, ह्या खेपंला आदी चाऱ्याचं बोल. बाकीचं मागनं."

"थोडी प्रस्तावना तर लागतीच, आत्या."

"तुजी प्रस्तावना बैलं खात न्हाईत."

मी ऐकून घेतलं आणि रात्री प्रस्तावना पाठ केली.

साहेब यायच्या दोन-तीन दिवस आधी जबड्याखाली एक गाठ आली. हात लावला की हुळहुळायची. मी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून तिला शेकलं. गाठ पसरली. मी आणखी शेकलं. ती गालावर चढली आणि खाली मानेकडं उतरली. अंगात ताप. घास गिळताना घशात दुखायला लागलं. आणि साहेब येणार त्या सकाळी उठलो तर तोंड उघडेना. दातादातांत बोट जाईल एवढीही फट नाही. बायकोनं चमच्यानं चहा पाजायचा प्रयत्न केला, तो सगळा सदऱ्यावर गेला. ती घाबरली. म्हणाली, "आधी दवाखान्यात चला."

मी मान हलवून नाही म्हणालो. गावाचा प्रश्न होता. माझ्याशिवाय बोलणार कोण?

जीप आली. साहेब उतरले, वयानं बरेच लहान, उन्हानं वैतागलेले. सगळे मांडवात जमले. मी गळ्याभोवती उपरणं गुंडाळून माइकसमोर उभा राहिलो. सूज लपावी म्हणून गुंडाळलं होतं, पण बायकोनं सांगितलं की त्यानं माझं डोकं मडक्यात बसवल्यासारखं दिसत होतं. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो:

"हन्हाननीय हाहेव..."

एवढंच. दुसरा शब्द बाहेर येईना. लाऊडस्पीकरनं मात्र इमानेइतबारे ते सगळ्या गायरानाला ऐकवलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. मी पुन्हा प्रयत्न केला. लाळ गळली. त्या क्षणी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती आजाराची नव्हती. समोर दावणीला जोडी उभी होती, तिच्याशेजारी आत्या, आणि मला दिसत होतं की हे साहेबही आता गाडीत बसून जाणार.

आत्या पुढं आली. माइक वगैरे तिला लागत नाही.

"सायेब, ह्याला बोलता येत न्हाई आज. मी सांगती. ह्याचं त्वांड बघा."

तिनं माझं उपरणं ओढून काढलं. साहेब एकदम मागं सरले.

"ह्याची दाड दुकत हुती. खालची. ह्यानं वरची उपटली. चांगली, पांडरी दाड, ह्या डोळ्यांनी बघितलीया म्या. मंग दुकायचं थांबलं. ह्याला वाटलं, बरं झालं. गावभर सांगत हिंडला. आन् आता बघा आत काय शिजलंय ते."

मांडवात हशा पिकला. मी तोंड बंद ठेवून उभा. दुसरा पर्यायही नव्हता.

"तुमचं बी तसंच हाय, सायेब. चार सरी आल्या, दुकायचं थांबलं. तुमाला वाटलं, दुष्काळ बरा झाला. रानात काय हाय ते बघा तरी. काडी न्हाई. आन् तुमी काय उपटाया निघाला? छावनी. आवो, ही चांगली दाड हाय आमची. हिच्यावर जनावरं चावत्यात. ही काडली, तर माजी जोडी या बाजारी जाती. मंग म्होरं पाऊस पडला काय आन् न पडला काय, नांगराला काय मी आन् ह्यो चेरमन जुंपायचा?"

मग ती जाऊन बैलांपाशी उभी राहिली. भाषण संपलं. प्रस्तावना नव्हती, आभार नव्हते.

साहेब हसले नाहीत. ते मांडवाबाहेर गेले, शिवेपर्यंत चालत जाऊन आले, बुटाच्या टोकानं माती उकरून पाहिली. परत आल्यावर आत्याला म्हणाले, "मावशी, निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण जे पाहिलं ते मी वर सांगतो." मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही गाडीत बसा. माझ्या मामांना असंच झालं होतं. ही सूज घशात उतरली तर श्वास कोंडतो."

मला हातवारे करून सांगायचं होतं की आधी छावणीचं पक्कं होऊ द्या. आत्यानं मला दंडाला धरून जीपमध्ये कोंबलं.

बीडच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सूज पाहिली आणि लगेच हातमोजे चढवले. सलाइन, इंजेक्शन, आणि मग जबड्याखाली छेद देऊन त्यांनी जे काढलं त्याचं वर्णन मी करत नाही. जेवताना वाचणारे लोक असतात. दोन-तीन दिवसांनी तोंड चमच्यापुरतं उघडलं, तेव्हा त्या आरसा घेऊन आत डोकावल्या.

"काका, वरची दाढ कुठं गेली?"

मी वर आढ्याकडं बघितलं. त्यांनी फोटो काढला, खालच्या दाढेचा. मुळाच्या टोकाशी हाडात काळा डाग, वडाच्या फळाएवढा.

"हिचं दुखणं मध्यंतरी थांबलं होतं ना? तेव्हा का नाही आलात?"

"थांबलं म्हणून."

"तेव्हाच यायचं होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. कीड म्हणजे अळी नव्हे. दाताला गोड चिकटून राहतं, त्यावर तोंडातले जंतू जगतात, आंबट तयार करतात, आणि त्यात दात विरघळत जातो. दिवसातून एकदा पोटभर गोड खाल्लं तर दात सोसतो. दिवसभर थोडं थोडं चघळत बसलं तर त्याला सावरायला वेळच मिळत नाही. खालच्या दाढेचं दुखणं वरच्या दाढेत जाणवतं, मोठमोठे फसतात, म्हणून ठोकून बघायचं, फोटो काढायचा, मग हात घालायचा. आत पू असताना बाहेरून शेकायचं नाही. आणि नुसत्या गोळ्यांनी पू हटतो, पण जंतूंचं घर तसंच राहतं. ते घर एकतर साफ करायचं, नाहीतर दाढ काढायची. गालाची सूज मानेकडं उतरली, ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर एक दिवसही घरी काढायचा नाही. "तुम्ही तर त्या अवस्थेत भाषण करायला उभे राहिलात म्हणे," त्या म्हणाल्या. साहेबांनी सगळं सांगितलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "हिचं आता रूट कॅनॉल करावं लागेल."

आमच्या भागात जन्मलेल्या माणसाच्या कानावर 'कॅनॉल' शब्द पडला, की त्याच्या छातीत काहीतरी हलतं. दुसऱ्यांच्या तालुक्यात कॅनॉल येतात. आमच्याकडं निवडणुकीत येतात. मी बायकोला फोन लावला आणि अर्ध्या उघडलेल्या तोंडानं जमेल तसं सांगितलं. ती छावणीत होती, वारं सुटलेलं. तिनं फोन कानाला धरूनच शेजारणीला ओरडून सांगितलं, "कॅनॉल होनार हाय म्हनं!"

संध्याकाळपर्यंत मला गावातून फोन यायला लागले. कॅनॉल कुठल्या अंगानं येणार? वरच्या माळाला पाणी चढंल का? एकानं तर विचारलं, माझ्या गटातून पाण्याची चारी जाईल असं बघा, चेरमन. मी 'दाढ, दाढ' म्हणत होतो. त्यांना 'जाईल, जाईल' ऐकू येत होतं. शेवटी आत्यानं खुलासा केल्याचं कळलं. "कॅनॉल हाय, पर त्येच्या तोंडात. गावाला काय न्हाई."

बीडला खेपा घालून ते काम पुरं केलं. दाढ आतून कोरून, धुऊन, भरून दिली. आता त्या खड्ड्यात तंबाखू बसत नाही. मग तंबाखूही सुटली, कारण तिला राहायला घर नाही. शेवटच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता या बाजूनं ऊस खाता येईल ना?"

"खालची वाचली, पण चावणार कशावर?" त्या म्हणाल्या. "तिची वरची जोडीदारीण तुम्हीच घालवलीत." आणि हळूच म्हणाल्या, "बरंच झालं. ऊस कमी खाल."

जोडीतला एक विकून दुसऱ्याला दारात सांभाळत बसावं, तसं झालं ते. आजही जेवताना खालची दाढ वर चढते, तिथं कुणी नसतं, आणि ती परत फिरते. तेवढ्यापुरतं मला सगळं आठवतं: ते गायरान, ती कुलपं, ते बाजारातलं 'नीट बघा बरं'.

मधल्या काळात निरोप आला होता की चारा उगवेपर्यंत छावणी चालू ठेवायची. मी गावात परतलो तेव्हा मांडव होता तिथंच होता, ट्रकमधून ऊस उतरत होता, आणि आत्याची जोडी जागेवर होती, जरा भरलेलीसुद्धा. लोक जमले. माझं तोंड आता नीट उघडत होतं. एवढे दिवस साठलेलं होतं. मी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, "बंधूंनो आणि भगिनींनो, छावणी वाचली, या प्रसंगी मला सहकार चळवळीच्या आरंभापासून..."

"बस खाली," आत्या बैलांपुढं ऊस टाकता टाकता म्हणाली. "तुजं त्वांड उगडलं न्हाई म्हून तर वाचली."